पिवळं टाकू नका: नव्यानं जिम लावलेल्यांसाठी ताटाचा हिशेब

संध्याकाळी साडेसात-आठला नागपुरातल्या एखाद्या जिमजवळच्या अंड्यांच्या ठेल्यावर जरा वेळ उभे राहा. घामानं भिजलेला टी-शर्ट, खांद्यावर बॅग आणि ठरलेली मागणी: "भाऊ, सहा उकडलेले द्या, पिवळं काढून." ठेलेवाला सवयीनं अंडं मधोमध कापतो, पिवळा गोळा बोटानं काढतो आणि बाजूच्या भांड्यात टाकतो. तासाभरात ते भांडं भरत येतं. मी दक्षिण नागपुरातल्या एका लहान जिममध्ये नवीन पोरापोरींना वजनं उचलायला शिकवतो. ते भांडं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. पोरगं पैसे सहा अंड्यांचे देतं आणि प्रोटीन जेमतेम साडेतीन अंड्यांचं खातं.

अंड्यात सहा ग्रॅमच्या थोडं वर प्रोटीन असतं आणि त्यातलं साधारण चाळीस टक्के पिवळ्यात, म्हणजे बलकात, असतं. पांढऱ्यात सगळं प्रोटीन आणि पिवळ्यात नुसती चरबी, हे जिममध्ये इतक्यांदा ऐकू येतं की कुणी पडताळून पाहत नाही. त्यामागची समजूत मात्र मोठी आहे. अन्न म्हणजे नुसतं वेष्टन, कामाचं आतलं एकच द्रव्य, ते बाजूला काढून घेतलं की झालं, असं नवख्याला वाटतं. मग पिवळं काढून अंडं, साय काढून दूध, शेवटी दूधच काढून टाकलेली भुकटी, असा प्रवास सुरू होतो. ज्यांनी या महिन्यात पहिल्यांदा डंबेल हातात घेतलं, त्यांनी कोणती कामं कोणत्या क्रमानं करावीत ते सांगतो.

पहिलं काम: आपला आकडा काढा

सकाळी उठल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि वहीत लिहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. हा आकडा शरीर राखण्यासाठीचा आहे. वजनं उचलून स्नायू वाढवायचे तर जास्त लागतं. किती जास्त, यावर २०१८ मध्ये ४९ प्रयोगांतल्या १,८६३ माणसांचे निकाल एकत्र करून तपासले गेले. किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत फायदा दिसला, त्यापुढे प्रोटीन वाढवून स्नायूंत भर पडताना दिसली नाही.

तुमचं वजन ६० किलो असेल तर १.६ च्या हिशेबानं रोजचे ९६ ग्रॅम होतात. पहिल्याच आठवड्यात तिथं उडी मारू नका. ज्याचं पोट आजवर ४५ ग्रॅमवर चाललंय त्याला एकदम दुप्पट दिलं की गॅस होतो, पोट जड होतं आणि पोरगं सगळंच सोडून देतं. पहिले दोन आठवडे किलोमागे १.२ ग्रॅम, म्हणजे ७२ ग्रॅम. मग हळूहळू वर या.

त्याच तपासणीतली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक नवख्याला सांगतो. वजनं उचलणाऱ्यांचे स्नायू वरचं प्रोटीन न घेताही वाढले. जास्तीच्या प्रोटीननं त्यात पडलेली भर सरासरी ३०० ग्रॅमच्या आसपास होती. म्हणजे मुख्य काम लोखंडच करतं. आठवड्यातून तीन दिवस नीट व्यायाम होत नसेल तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही.

ज्यांना किडनीचा त्रास आहे, मधुमेह आहे, युरिक अ‍ॅसिड वाढलेलं आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

दुसरं काम: आज ताटात किती आहे ते मोजा

नंदनवन, हनुमाननगर, त्रिमूर्तीनगर या भागांत खोल्या करून राहणारी कितीतरी मुलं मेसच्या डब्यावर जगतात. तो डबा मोजू. पातळ वरणाच्या वाटीत कोरडी डाळ पंचवीस ग्रॅमच्या वर क्वचितच असते. त्यातून पाच-साडेपाच ग्रॅम प्रोटीन मिळतं. दोन पोळ्यांतून सात, वाटीभर भातातून तीन, आलू-वांग्याच्या भाजीतून दोन. झाले सतरा. दोन वेळचे चौतीस, सकाळचे साधे पोहे आणि दिवसभराचा चहा धरला तर चाळीस-बेचाळीस. साठ किलोच्या माणसाला शरीर राखायलाच पन्नास लागतात. इथं पोरगं म्हणतं, "सर, मी तर पोटभर जेवतो." जेवतोच. पोट भातानं भरतं.

एक आठवडाभर स्वयंपाकघरात छोटा वजनकाटा वापरा. मग अंदाज बसतो आणि काटा ठेवून देता येतो. थोडे आकडे पाठ असले की झालं. एक अंडं सहा ग्रॅम. पाव लिटर दूध आठ. शंभर ग्रॅम दही साडेतीन. शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. तूर, मूग, हरभरा यांच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस ते चोवीस. शेंगदाण्यात शंभराला पंचवीस, पण तेवढ्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी येतात, म्हणून ते मूठभरच. बिनहाडाच्या कच्च्या चिकनमध्ये शंभर ग्रॅमला बावीसच्या जवळपास. रोहू, कतला हे आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तलावांतून येणारे मासे, त्यांत सतरा ते एकोणीस. आणि सोयाबीनच्या वड्यांमध्ये शंभर ग्रॅम कोरड्या मालात बावन्न! विदर्भाची शेतंच्या शेतं सोयाबीननं भरलेली असतात आणि आपल्या ताटात त्याचं फक्त तेल येतं, याची मला हळहळ वाटते.

ताक मात्र या हिशेबात धरू नका. पाणीदार ताकाच्या ग्लासात दोनएक ग्रॅमच निघतात. तहानेसाठी ते उत्तमच.

तिसरं काम: अन्न अख्खं खा

इथं जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात एक साधा पण मेहनतीचा प्रयोग झाला. दहा तरुणांनी पायांचा वजनाचा व्यायाम केला आणि लगेच अंडी खाल्ली. एकदा तीन अख्खी अंडी, दुसऱ्या वेळी नुसतं पांढरं. दोन्ही वेळा प्रोटीन अगदी सारखं ठेवलं होतं, १८ ग्रॅम. अख्ख्या अंड्यांत वरून १७ ग्रॅम चरबी होती. खाल्लेल्या अंड्यातलं प्रोटीन शरीरात कुठं जातं याचा माग काढता यावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यातच खुणेचं ल्युसिन (प्रोटीन ज्या अमिनो आम्लांचं बनतं त्यातलं एक) मिसळून ती अंडी तयार केली होती. मग मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून नवीन प्रोटीन किती बसलं ते मोजलं.

चरबीमुळे पचन मंदावेल आणि अख्खं अंडं मागं पडेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण रक्तात पोहोचलेलं ल्युसिन दोन्ही वेळा जवळपास सारखं होतं, खाल्लेल्याच्या ६० ते ७० टक्के. आणि स्नायूंची बांधणी अख्ख्या अंड्यांनंतर सुमारे ४० टक्क्यांनी जास्त झाली. माल तेवढाच पोहोचला आणि बांधकाम जास्त झालं. म्हणजे पिवळ्यातलं दुसरं काहीतरी त्या कामाला हात लावत असलं पाहिजे. पिवळ्यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं, कोलीन असतं, फॉस्फोलिपिड नावाची खास प्रकारची चरबी असते. यातलं एकेक सुटं करून गोळीत भरलं तर तोच परिणाम येईल असं अजून कुणी दाखवलेलं नाही.

दुधाचंही तसंच दिसलं. २००६ मध्ये टेक्सासमधल्या प्रयोगात व्यायामानंतर कुणाला ग्लासभर साईसकट दूध दिलं, कुणाला तेवढंच बिनसाईचं, आणि तिसऱ्या गटाला बिनसाईचंच पण जास्त, म्हणजे कॅलरी सारख्या होतील इतकं. तिसऱ्या गटाला प्रोटीन जास्त मिळालं होतं. तरी मोजलेल्यांपैकी एक अमिनो आम्ल ठळकपणे जास्त ओढून घेतलं ते साईसकट दूध पिणाऱ्यांच्या स्नायूंनी.

आता दुसरी बाजू. वरचे दोन्ही प्रयोग व्यायामानंतरच्या काही तासांचे आहेत. आरशात दिसणारा दंड महिन्यांत तयार होतो. २०२१ मध्ये इराणमध्ये कसलेल्या तरुणांना बारा आठवडे व्यायामानंतर तीन अख्खी अंडी किंवा सहा अंड्यांचं पांढरं दिलं. दोन्ही गटांचे स्नायू वाढले आणि त्या वाढीत ठळक फरक आढळला नाही. अख्खी अंडी खाणाऱ्यांची मांडीची ताकद आणि हाताची पकड मात्र थोडी जास्त वाढली. म्हणून अख्खं अंडं खाल्ल्यानं दंड दीडपट होईल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पिवळं टाकल्यानं काही मिळत नाही, उलट प्रोटीन, जीवनसत्त्वं आणि पैसे जातात. एवढंच ठामपणे म्हणता येतं आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

आणि चरबी म्हणजेच जादू, असाही अर्थ काढू नका. त्याच इलिनॉयच्या प्रयोगशाळेनं २०२५ मध्ये डुकराच्या मांसावर काम केलं. प्रोटीन सारखं ठेवून एकदा कमी चरबीचं आणि एकदा भरपूर चरबीचं मांस दिलं, तर यावेळी कमी चरबीचं मांस पुढं गेलं. म्हणजे अंड्यातली, दुधातली चरबी आणि चरबट खिमा ही एकसारखी गोष्ट नाही. अन्नाची आतली बांधणी, त्यात काय कशाला चिकटून आलंय, याला महत्त्व आहे. नागपूरकरांसाठी याचा सरळ अर्थ असा: सावजीत गेलात तर तुकडे खा, भाकर खा, रस्सा खा, पण वर तरंगणारी तेलाची तर्री प्रोटीनच्या नावाखाली ओरपू नका. सावजी मलाही जिवापाड आवडतं. पंधरा दिवसांतून एकदा जातो, पण ते मी आवडीच्या खात्यात लिहितो.

कच्च्या अंड्याबद्दलही सांगायलाच हवं. दुधात कच्ची अंडी फोडून पिण्याची सवय जुन्या आखाड्यांपासून चालत आलीय आणि अजून काही मुलं तसं पितात. १९९८ मध्ये बेल्जियममध्ये मोजलं गेलं तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं ९१ टक्के प्रोटीन पचलं आणि कच्च्यातलं फक्त ५१ टक्के. वर पोट बिघडवणाऱ्या जंतूंची भीती. उकडा, पोळा, भुर्जी करा, पण शिजवा.

किती पिवळं चालेल? निरोगी तरुणाला व्यायामाच्या दिवशी तीन-चार अख्खी अंडी मी निःशंक सांगतो. ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, घरात कमी वयात हृदयविकार झालेले आहेत किंवा ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी रिपोर्ट डॉक्टरांना दाखवून संख्या ठरवावी.

चौथं काम: अंडं नसेल तर ताट जुळवा

महाल-इतवारीतल्या कितीतरी घरांत अंडं येत नाही. तिथल्या मुलांना जिममध्ये पहिल्याच दिवशी ऐकवलं जातं, "व्हेज आहेस? मग पावडर घ्यावीच लागेल." ही घाई चुकीची आहे.

प्रोटीन कसं ओवलं जातं ते बघा. झेंडू, शेवंती, गुलाब अशा नऊ तऱ्हेच्या फुलांचा एक हार करायचाय आणि फुलांचा क्रम ठरलेला आहे. शेवंती संपली की बाकीच्या टोपल्या भरलेल्या असल्या तरी हार तिथंच थांबतो. बाहेरून आणावीच लागतात अशी अमिनो आम्लं नऊ आहेत आणि स्नायूचं प्रोटीन असंच क्रमानं ओवलं जातं. पोळी, भात, ज्वारी यांत लायसिन नावाचं फूल कमी असतं. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन कमी. म्हणून वरण-पोळी, झुणका-भाकर, खिचडी ही जोडपी टिकली. दोन्ही एकाच घासात असायला हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं तरी काम होतं.

तर्री पोह्यांचंच घ्या. नुसत्या पोह्यांच्या बशीत तीन-साडेतीन ग्रॅम असतात. त्यावरच्या तर्रीत तीस ग्रॅम कोरड्या हरभऱ्याइतके चणे आले तर सहा ग्रॅमची भर पडते आणि लायसिनही मिळतं. ठेल्यावर रस्सा जास्त, चणे मोजके. घरी केलंत तर प्रमाण उलट करा, रात्री चणे भिजत घाला, सकाळी कुकरला लावा. पातोडीचा रस्सा तर बेसनाचाच. आपल्या स्वयंपाकात डाळ इतक्या रूपांत आहे की वेगळं काही शोधायची गरज पडत नाही, फक्त डाळीचा हात सैल करायचा.

साठ किलोच्या शाकाहारी मुलाचा एक दिवस मांडतो. सकाळी पाव लिटर दूध आणि मूठभर, तीस ग्रॅम, शेंगदाणे: साडेपंधरा. मग चणे जास्त घातलेले तर्री पोहे: साडेनऊ. दुपारी चाळीस ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, दोन पोळ्या, थोडा भात आणि दोनशे ग्रॅम दही: सव्वीस. संध्याकाळी व्यायामानंतर चाळीस ग्रॅम सोयाबीन वड्यांची भाजी किंवा शंभर ग्रॅमच्या थोडं वर पनीर: वीस. रात्री पन्नास ग्रॅम बेसनाचा झुणका आणि ज्वारीच्या दोन भाकरी: एकवीस. झोपताना पुन्हा पाव लिटर दूध: आठ. बेरीज शंभर. यात पावडरचा एक चमचाही नाही. वनस्पतींचं प्रोटीन दुधा-अंड्यापेक्षा जरा कमी पचतं, म्हणून शाकाहाऱ्यानं आकडा काठावर न ठेवता थोडा वर ठेवावा.

सोयाबीन वड्यांबद्दल दोन शब्द. नुसत्या उकळून खाल्ल्या तर उग्र वास येतो आणि मुलं दुसऱ्या दिवशी सोडतात. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवा, घट्ट पिळा, पुन्हा धुऊन पिळा, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात टाका.

२०२१ मध्ये ब्राझीलमध्ये १९ शुद्ध शाकाहारी, म्हणजे दूधही न घेणाऱ्या, आणि १९ मिश्राहारी तरुणांना बारा आठवडे सारखाच व्यायाम दिला आणि दोघांचंही प्रोटीन किलोमागे १.६ ग्रॅमला आणून ठेवलं. ताकद आणि स्नायू दोन्हीकडे सारखे वाढले. यात एक खरी अट आहे: तो आकडा गाठायला त्यांना सोया किंवा दुधाच्या प्रोटीनची भुकटी दिली होती. म्हणजे शाकाहार आड येत नाही, कमी पडणारी बेरीज आड येते. ती बेरीज ताटातून होत असेल तर उत्तम.

पनीर घरी केलंत तर उरलेलं पाणी प्रोटीन म्हणून मोजू नका. दूध उकळून फाडल्यामुळे त्यातलं बहुतेक प्रोटीन पनीरमध्येच अडकतं. त्या पाण्यात कणीक मळा, पोळ्या मऊ होतात.

पाचवं काम: घड्याळाची धास्ती सोडा

"सर, अर्ध्या तासात नाही घेतलं तर वाया जातं ना?" हा प्रश्न दर आठवड्याला येतो. १९९७ मध्येच मोजलं गेलं होतं की वजनांच्या एका व्यायामानंतर स्नायूंची बांधणी ४८ तासांनंतरही वाढलेलीच असते. दार अर्ध्या तासात बंद होत नाही. दुपारी नीट जेवून पाचला व्यायाम केला तर आठला घरी जाऊन शांतपणे जेवा. उपाशीपोटी पहाटे अंबाझरीला पळून मग वजनं उचलली असतील, तेव्हा मात्र घरी पोहोचताच खा.

एका वेळी किती? तरुणाला साधारण वीस ग्रॅम चांगलं प्रोटीन पुरतं. पाय-छाती-पाठ सगळं एकाच दिवशी केलं असेल तर चाळीसपर्यंत थोडा जास्त फायदा दिसलेला आहे. त्याहून जास्त एकदम खाल्लं तर वाया जातं, असं म्हणतात तेही तितकंसं खरं नाही. नेदरलँड्समध्ये २०२३ मध्ये एका बैठकीत १०० ग्रॅम देऊन पाहिलं, शरीर ते बारा तास वापरत राहिलं. तरी चार वेळा वीस-पंचवीस हीच वाटणी मी सांगतो, कारण घरच्या जेवणाच्या वेळांशी ती जुळते.

आमच्याकडे पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू सकाळच्या बॅचला येतात. त्या घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खातात. वय वाढतं तसं तेवढंच प्रोटीन स्नायूंना कमी हलवतं. तरुणाला एका वेळी किलोमागे पाव ग्रॅम पुरतं, तिथं साठीच्या पुढं ०.४ च्या आसपास लागतं. साठ किलोला एका जेवणात चोवीस ग्रॅम. काकूंना मी एवढंच सांगितलं, "काकू, दह्याची वाटी आधी तुमच्या ताटात ठेवा, मग दुसऱ्यांच्या." घरातल्या बायकांच्या ताटाकडे जरा लक्ष द्या, एवढं कळकळीनं सांगतो.

सहावं काम: पावडरचा डबा घ्यायचाच असेल तर

व्हे म्हणजे चीज करताना वेगळं होणारं दुधाचं पाणी, गाळून वाळवलेलं. ते खोटं नाही, विषही नाही. लवकर पचतं, त्यात ल्युसिन भरपूर असतं. ज्याला सकाळी सातला बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीला जायचंय आणि डब्यात पोळी-भाजीपलीकडे काही मिळत नाही, त्यानं पंचवीस ग्रॅमची उणीव एका स्कूपनं भरली तर मी अडवत नाही. पण आधी दोन महिने ताट लावा. उणीव उरली तरच डबा.

खरेदीचा हिशेब असा करा: किमतीला एकूण प्रोटीनच्या ग्रॅमनं भागा. समजा अंडं सात रुपयांना, तर एक ग्रॅम सव्वा रुपयाच्या आत. समजा चणे शंभर रुपये किलो, तर ग्रॅम पन्नास पैशांना. समजा पावडर अडीच हजार रुपये किलो आणि त्यात पाऊण किलो प्रोटीन, तर ग्रॅम सव्वातीन रुपयांच्या वर. भाव बदलले की आकडे बदलतील, रीत हीच.

डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, सील अखंड आहे का, एका स्कूपच्या वजनात प्रोटीन किती टक्के आहे, हे उजेडात वाचा. तीस ग्रॅमच्या स्कूपमध्ये बावीस-चोवीस ग्रॅम असेल तर ठीक. 'मास गेनर' नावाच्या मोठ्या डब्यांत बहुतेक माल साखर-पिठाच्या जातीचा असतो. सडपातळ नवख्याला हाच डबा सगळ्यात आधी विकला जातो. मलाही एका दुकानदारानं पहिल्या पगारात तोच दिला होता. तीन महिन्यांत पोट सुटलं, दंड होते तिथेच राहिले. तेव्हा कुणी हे समजावून सांगायला हवं होतं असं अजून वाटतं, म्हणूनच एवढ्या तपशिलानं लिहितोय.

भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन भुकट्या तपासून २०२४ मध्ये एक अभ्यास छापून आला. त्यातल्या २५ मध्ये लेबलवर लिहिलेलं आणि आत निघालेलं प्रोटीन जुळत नव्हतं, काहींत बुरशीचं विषही सापडलं. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेनं शरीर कमावण्यासाठी या भुकट्या टाळा, असं आपल्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं.

बीसीएएची, म्हणजे सुट्या अमिनो आम्लांची, रंगीत बाटली मात्र घेऊच नका. त्यात नऊपैकी तीनच फुलं असतात. २०१७ च्या एका प्रयोगात ते पिऊन बांधणी साध्या गोड पाण्यापेक्षा २२ टक्क्यांनी वाढली खरी, पण पूर्ण प्रोटीननं होते तेवढी नाही. उरलेली सहा फुलं शरीर कुठून आणणार? आपलेच जुने हार उसवून. त्याच पैशांत आठवड्याची अंडी येतात.

आणि कुणी कानात येऊन "एक कोर्स मार, तीन महिन्यांत बॉडी" म्हणालं, स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा बिनलेबलाच्या गोळ्या दाखवल्या, तर त्या माणसापासून दूर व्हा आणि घरी सांगा. यावर चर्चा नको.

सातवं काम: नागपूरचा उन्हाळा आणि महिन्याची नोंद

एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा बॅगेतलं दूध नासतं, उकडलेली अंडी तासाभरात धोक्याची होतात, पनीरचंही तेच. त्या दिवसांत बॅगेत फुटाणे आणि शेंगदाणे ठेवा. पन्नास ग्रॅम फुटाण्यांतून दहा ग्रॅम मिळतात आणि ते कुठेही टिकतात. अंडी-दूध घरी आल्यावर. भूक मरते तेव्हा गरम वरण नको वाटतं, मग घट्ट दह्यात भिजवलेले मूग, कांदा आणि जवसाची चटणी घालून खा. पाणी आणि मीठ-लिंबू वेगळं.

पहिल्या तारखेला वजन, दंडाचा घेर, मांडीचा घेर आणि तीन मुख्य व्यायामांत उचललेलं वजन वहीत लिहा. महिन्यानं पुन्हा लिहा. उचललेलं वजन वाढतंय आणि शरीराचं वजन पाव ते एक किलोनं वर गेलंय, तर काही बदलू नका. उचललेलं वाढतंय पण शरीराचं जागचं हलत नाही, तर प्रोटीन तेवढंच ठेवून एक भाकर आणि चमचाभर तूप वाढवा, कारण कमी पडतंय ते इंधन. पोटाचा घेर दंडापेक्षा जास्त वाढला तर भात अर्धा करा, डाळ तशीच ठेवा. आणि काहीच वाढत नसेल तर आधी झोप किती तास होते ते लिहून काढा, मग व्यायामाची वही घेऊन माझ्यासारख्या कुणा शिकवणाऱ्याकडे जा.